किडनी कमजोर असताना प्रथिनं किती खायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनीच्या रुग्णांचं पथ्य ठरवणं हे माझं रोजचं काम. रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. जास्त खाल्ल्यानं किडनीवर ताण येतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. कमी खाल्ल्यानं काय होतं हे मात्र दंड काटकुळे होईपर्यंत लक्षात येत नाही. म्हणून दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. इथले आकडे प्रौढांसाठीचे, ढोबळ आहेत. तुमचा आकडा तुमचे रिपोर्ट आणि औषधं पाहून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील.

१. किडनी कमजोर झाली की प्रथिनं कमी करायला का सांगतात?

प्रथिनं पचली की त्यांतला जास्तीचा नायट्रोजन यकृतात युरिया बनतो आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीचं. ते काम मंदावलं की युरिया, आम्लं आणि फॉस्फरस अंगात साचतात. मळमळ, तोंडाला वाईट चव, खाज, अन्नावरची वासना उडणं ही त्याचीच लक्षणं.

दुसरं कारण गाळण्यांशी निगडित आहे. भरपूर प्रथिनं खाल्ली की किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब वाढतो. निम्म्या गाळण्या निकामी झालेल्या असतील तर उरलेल्यांवर दुप्पट भार पडतो आणि त्याही लवकर झिजतात. ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना १९८२ मध्ये मांडली. पुढे अमेरिकेत ८४० रुग्णांवर एमडीआरडी नावाचा मोठा अभ्यास झाला. १९९४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा कमी प्रथिनांचा फायदा अपेक्षेइतका ठळक दिसला नाही. त्यामुळे या पथ्यानं किडनी ‘बरी होईल’ असं मी कुणाला सांगत नाही. त्रास कमी होतो आणि झीज थोडी मंदावू शकते. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, लघवीतून जाणारी प्रथिनं कमी करणारी औषधं घेणं हे पथ्याच्या बरोबरीनं चालायलाच हवं.

२. मग मी रोज नेमकी किती प्रथिनं खायची?

तुमची किडनी कोणत्या टप्प्यावर आहे यावर ते ठरतं. ६० किलो वजनाचा माणूस धरून सांगते.

डायलिसिस सुरू नसेल आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते ते सांगणारा रिपोर्टमधला आकडा) ६० च्या खाली असेल, तर केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाची २०२४ ची शिफारस दर किलोला ०.८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम अशी आहे. अमेरिकेतल्या २०२० च्या केडोकी शिफारशी आणखी कडक आहेत: मधुमेह नसलेल्यांना ०.५५ ते ०.६, मधुमेह असलेल्यांना ०.६ ते ०.८. पण त्या ‘प्रकृती स्थिर असेल आणि डॉक्टरांची जवळून देखरेख असेल तर’ या अटीवर दिल्या आहेत. घरच्या घरी ०.६ पर्यंत खाली उतरू नका.

डायलिसिस सुरू असेल तर आकडा उलटा वर जातो: दर किलोला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

ईजीएफआर ६० च्या वर आहे, फक्त लघवीत थोडी प्रथिनं सापडली आहेत, अशांनी डाळ-अंडी सोडून देऊ नयेत. चारचौघांसारखं जेवावं, प्रोटीन पावडरचे डबे मात्र बंद करावेत.

३. ४८ ग्रॅम प्रथिनं म्हणजे ४८ ग्रॅम डाळ का? ताटात मोजायचं कसं?

नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. १०० ग्रॅम कच्च्या डाळीत प्रथिनं असतात साधारण २२ ते २४ ग्रॅम, बाकी पिष्ट, तंतू आणि पाणी. शिवाय प्रथिनं भात, ब्रेड आणि भाज्यांतही असतात. ती कुणी मोजतच नाही.

मी रुग्णासमोर वजनकाटा ठेवते आणि दिवसभराचं कच्चं अन्न मांडून दाखवते. डाळ ५० ग्रॅम, त्यात ११ ग्रॅम प्रथिनं. तांदूळ १०० ग्रॅम, त्यात ७. गव्हाचं पीठ १०० ग्रॅम, त्यात ११. दूध पाव लिटर, त्यात ८. एक अंडं, त्यात ६. दिवसभराच्या भाज्यांतून ४. झाली बेरीज ४७. बहुतेकजण पहिल्यांदा डाळीच्या त्या छोट्या ढिगाकडे पाहतात आणि म्हणतात, “एवढीच?” मग पिठाकडे पाहून म्हणतात, “यात पण तेवढीच?” ही दोन आश्चर्यं एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढे काट्याची गरज लागत नाही. घरातली एक वाटी ठरवून टाका, त्यात किती डाळ मावते ते एकदाच मोजा आणि रोज तीच वाटी वापरा.

मांसाहारी असाल तर १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये किंवा माशात साधारण २० ग्रॅम धरा. शिजल्यावर पाणी उडून वजन घटतं, म्हणून कच्चं की शिजलेलं हे नेहमी लिहून ठेवा.

४. हिशेबात वजन कोणतं धरायचं? माझ्या पायांवर सूज आहे.

सुजेचं वजन वजा करून. अंगात पाच लिटर पाणी साचलं असेल तर काटा पाच किलो जास्त दाखवतो, पण त्या पाण्याला प्रथिनं लागत नाहीत. डायलिसिसवाल्यांनी ‘ड्राय वेट’, म्हणजे डायलिसिसनंतर सूज नसतानाचं वजन धरावं. वजन फार जास्त किंवा फार कमी असेल तर आहारतज्ज्ञ उंचीवरून सुधारित वजन काढून देतात.

५. प्रथिनं कमी केली आणि तीन महिन्यांत चार किलो उतरलो. हे चांगलं ना?

तुम्ही ठरवून वजन कमी करत नसाल तर नाही. प्रथिनं कमी करताना बाकीचंही जेवण कमी झालेलं असतं. उष्मांक पुरे पडले नाहीत की शरीर स्वतःचे स्नायू मोडून त्यावर गुजराण करतं. त्या मोडलेल्या स्नायूंचाही युरियाच होतो. म्हणजे पथ्य पाळूनही रिपोर्ट बिघडतो आणि घरचे ताट आणखी कमी करतात.

दिवसाला दर किलोला २५ ते ३५ उष्मांक मिळायला हवेत, ६० किलोला १,५०० ते २,१००. प्रथिनं कमी केल्यानं पडलेला खड्डा तेलानं, भातानं, साबुदाण्यासारख्या जवळपास निव्वळ पिष्ट असलेल्या पदार्थांनी भरा. मधुमेह नसेल तर साखर किंवा मधही चालतो.

पोटभर खाऊनही वजन उतरत असेल तर रक्तातलं बायकार्बोनेट तपासून घ्या. अंगात आम्लता वाढली तरी स्नायू झिजतात. त्यावर डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात.

६. आईचं डायलिसिस सुरू झालं. आधीचंच पथ्य चालू ठेवायचं का?

नाही! हे एकच उत्तर ठळकपणे लक्षात ठेवा. डायलिसिसआधी दिलेला ‘हे खाऊ नका’ असा कागद फ्रिजच्या दारावर तसाच राहतो आणि माणूस त्या कागदापायी वाळत जातो.

डायलिसिसचं यंत्र युरिया काढतं तेव्हा कामाची ॲमिनो आम्लंही वाहून जातात, एका सत्रात साधारण ६ ते १२ ग्रॅम. त्या दिवशी स्नायूंची मोडतोडही वाढते. ही भरपाई ताटातूनच करायची. दर जेवणात प्रथिनांचा एक ठोस पदार्थ हवाच: अंडी, मासे, चिकन, घट्ट डाळ, दही, पनीर किंवा टोफू. अंड्याचा पांढरा भाग या लोकांसाठी फारच सोयीचा. एका पांढऱ्यात साधारण ३.५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि फॉस्फरस जवळजवळ नसतोच.

एका बाई माझ्याकडे आल्या त्या बोटातल्या अंगठीला दोरा गुंडाळून. वजन सहा महिने तेवढंच होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती. पण अंगठी सैल, दंड बारीक आणि डायलिसिसनंतरही घोट्यावर बोट दाबलं की खळी पडत होती. स्नायू गेले होते आणि तेवढ्याच वजनाचं पाणी साचलं होतं. काटा एकच आकडा दाखवत राहिला. डॉक्टरांनी ड्राय वेट खाली आणलं, जुना कागद आम्ही फाडला आणि त्या सकाळी दोन, संध्याकाळी दोन अंडी खायला लागल्या. काही महिन्यांनी दोरा सुटला. म्हणून वजनाबरोबर दंडाचा घेरही दर महिन्याला टेपनं मोजा, पण फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली शीर) असलेल्या हाताचा नाही, दुसऱ्या हाताचा.

डायलिसिस चालू असताना काहींना खाल्ल्यावर रक्तदाब उतरतो. असं होत असेल तर सत्राच्या आधी किंवा नंतर जेवा, पण ते जेवण बुडवू नका.

७. पोटाच्या डायलिसिसला वेगळं पथ्य असतं का?

प्रथिनांचा आकडा तोच, १ ते १.२. पण इथे गळती रोजची आहे: दिवसाला साधारण ५ ते १५ ग्रॅम प्रथिनं पोटात भरून काढलेल्या द्रावाबरोबर निघून जातात आणि पोटात जंतुसंसर्ग झाला तर त्याहूनही जास्त. शिवाय त्या द्रावातलं ग्लुकोज अंगात शोषलं जातं, त्यामुळे वजन आणि साखर वाढू शकते आणि पोट सतत भरल्यासारखं वाटतं. जेवताना पहिला घास प्रथिनांच्या पदार्थाचा घ्या, भात नंतर. पोटॅशियमची बंधनं मात्र अशा रुग्णांना बहुधा सैल असतात.

८. मी शाकाहारी आहे. डाळी पूर्ण बंद करायला सांगितलंय. मग खायचं काय?

डाळी सरसकट बंद करणं मला पटत नाही. डाळींमधली आणि कडधान्यांमधली प्रथिनं आम्लता कमी वाढवतात, त्यांतला फॉस्फरस कमी शोषला जातो (कारण प्रश्न १२ मध्ये) आणि तंतूंमुळे पोट साफ राहतं. केडिगोची २०२४ ची शिफारसही वनस्पतिजन्य पदार्थांचा वाटा वाढवा अशीच आहे. डाळ आणि धान्य दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की आवश्यक ॲमिनो आम्लांची बेरीज जमते.

डाळीतलं पोटॅशियम वाढत असेल तर ती भिजवून, भिजवल्याचं पाणी फेकून, भरपूर पाण्यात शिजवा आणि वरचं पाणी ओतून टाका. डायलिसिस सुरू झालेल्या शाकाहारी माणसाला ७० ग्रॅम गाठणं खरोखर अवघड जातं. तिथे पनीर, दही, टोफू आणि गरज पडल्यास वैद्यकीय पूरक (प्रश्न २०) घ्यावं लागतं.

९. क्रिएटिनिन वाढलं. पथ्य मोडलं म्हणूनच ना?

घराघरांत यावरून भांडणं होतात. क्रिएटिनिन हा किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, तो मुख्यतः आपल्या स्नायूंतून येतो. कालच्या एका जेवणावरून ते ठरत नाही. अपवाद दोन: तपासणीच्या आदल्या रात्री भरपूर शिजवलेलं मांस खाल्लं किंवा जिमचं क्रिएटिन घेतलं तर आकडा वर जातो. जुलाब, उलट्या, वेदनाशामक गोळ्या, लघवीचा अडथळा यांनीही तो वाढतो आणि ही कारणं तातडीनं शोधावी लागतात.

युरिया जेवणाशी जास्त जोडलेला आहे, पण तोही पाणी कमी पडल्यानं, स्टिरॉइडनं किंवा पोटात रक्तस्राव झाल्यानं वाढतो. पथ्य खरंच पाळलं जातंय का हे पाहायचं असेल तर २४ तासांची लघवी गोळा करून त्यातला युरिया मोजतात. आणि डायलिसिसवरच्या माणसाचं क्रिएटिनिन महिन्यागणिक उतरत असेल तर स्नायू आटत नाहीत ना, हे आधी पाहा.

१०. फळं आणि भाज्या कायमच्या बंद का?

रक्तातलं पोटॅशियम ठीक असेल तर बंद करायचं काहीच कारण नाही. ते ५.५ च्या वर जात असेल तर आधी इतर कारणं पाहा: रक्तदाबाची काही औषधं, आम्लता, वाढलेली साखर आणि बद्धकोष्ठता. किडनी थकली की आतडी जास्त पोटॅशियम बाहेर टाकायला लागतात, त्यामुळे पोट साफ नसेल तर आकडा वाढतो.

मग ताट पाहा. बटाटा, टोमॅटोची प्युरी, केळं, सुकामेवा, फळांचे रस, भाज्यांचं सूप यांत पोटॅशियम जास्त. सफरचंद, पेअर, कोबी, काकडी यांत कमी. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं तर बरंच पोटॅशियम निघून जातं. नुसत्या वाफेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ते होत नाही.

एक फळ मात्र किडनीच्या रुग्णानं तोंडातही घालू नये: स्टार फ्रूट. आडवं कापलं की चांदणी दिसते ते. त्यातलं विषारी द्रव्य कमजोर किडनी बाहेर टाकू शकत नाही. न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, झटके आणि मृत्यूही ओढवलेले आहेत.

११. रक्तदाबासाठी ‘कमी सोडियमचं मीठ’ आणलं. चालेल ना?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. साधंच मीठ, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. त्यात पाकिटातल्या आणि बाहेरच्या खाण्यातलं मीठही आलं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला २.५ नं गुणलं की मीठ कळतं.

१२. फॉस्फरस वाढलाय. दूध-डाळी सोडू का?

आधी पाकिटं सोडा. धान्य-डाळींतला फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात अडकलेला असतो आणि माणसाच्या आतड्यांत तो सोडवणारं एन्झाइम फारसं नसतं. त्यामुळे निम्माही शोषला जात नाही. मांस-दुधातला साधारण निम्मा शोषला जातो. पण प्रक्रिया केलेलं मांस, चीज स्प्रेड, कोला, झटपट शिजणारे पदार्थ यांत घातलेली फॉस्फेटं जवळजवळ पूर्ण रक्तात जातात आणि बदल्यात प्रथिनं मिळतातच असं नाही. घटकांच्या यादीत ‘फॉस्फ’ ही अक्षरं किंवा ई ३३८ ते ३४१, ई ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले की पाकीट परत ठेवा.

फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या. जेवल्यानंतर दोन तासांनी घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही.

१३. किडनीसाठी भरपूर पाणी प्यावं का?

सूज नसेल, लघवी व्यवस्थित होत असेल तर तहानेप्रमाणे प्या. जबरदस्तीनं चार लिटर पिऊन किडनी ‘धुतली’ जात नाही. डायलिसिसवर असाल आणि लघवी कमी झाली असेल तर साधारण हिशेब असा: आदल्या दिवशीची लघवी अधिक ५०० मिली. तहान आवरायची असेल तर मिठाचा डबा आवरा. ८ ग्रॅम मीठ जवळजवळ एक लिटर पाणी अंगात धरून ठेवतं.

१४. कीटो-ॲनालॉगच्या गोळ्या दिल्यात. आता नेहमीसारखं जेवलं तर चालेल?

नेहमीसारखं जेवणार असाल तर या महागड्या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. दर किलोला ०.२८ ते ०.४३ ग्रॅम इतकी कमी प्रथिनं खाणाऱ्यांची तूट भरून काढणं हे त्यांचं काम. या गोळ्या रक्तातला नायट्रोजन उचलून त्याचीच ॲमिनो आम्लं बनवतात. पूर्ण मात्रा साधारण दर पाच किलो वजनाला एक, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला १२, जेवणासोबत विभागून. ‘सकाळी एक, रात्री एक’ आणि जोडीला नेहमीचं ताट, असं चाललं असेल तर डॉक्टरांशी बोला. या गोळ्यांत कॅल्शियम असतं, म्हणून रक्तातलं कॅल्शियमही अधूनमधून तपासावं लागतं.

१५. लघवीतून प्रथिनं जातात, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) कमी आहे. मग जास्त खाऊन भरून काढू?

तर्क पटण्यासारखा आहे, पण शरीर तसं वागत नाही. जास्त प्रथिनं खाल्ली की गाळण्यांवरचा दाब वाढतो आणि लघवीतली गळतीही वाढते, अल्ब्युमिन तिथल्या तिथेच राहतं. बहुतेकांना ०.८ च्या आसपासच ठेवतात. शिवाय अल्ब्युमिन संसर्ग आणि दाह यांनीही घसरतं, त्यामुळे त्या एका आकड्यावरून ‘खाणं कमी पडतंय’ असा निष्कर्ष काढू नये.

१६. मधुमेहही आहे. साखर अचानक उतरली तर काय घेऊ?

ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पाण्यात विरघळवलेली साखर. संत्र्याचा रस नको, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. आणि साखर वरचेवर उतरत असेल तर मधुमेह बरा होतोय असं समजू नका. किडनी थकली की इन्सुलिन आणि काही गोळ्या अंगात जास्त वेळ टिकतात. मात्रा कमी करावी लागते, लगेच डॉक्टरांना सांगा.

१७. आजोबा ८२ वर्षांचे, ईजीएफआर ३८, आधीच बारीक. त्यांनाही प्रथिनं कमी?

अशा माणसाला किडनी निकामी होण्यापेक्षा पडून हाड मोडण्याचा धोका मोठा असू शकतो. केडिगोही अशक्त, स्नायू झिजलेल्या वृद्धांसाठी प्रथिनं आणि उष्मांक वाढवण्याचा विचार करा असं सांगतं. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता येतं का, एवढं पाहा. येत नसेल तर त्यांचं ताट कमी करू नका.

१८. लहान मुलांना आणि गरोदर बाईला?

दोघांनाही कमी प्रथिनांचं पथ्य नाही. मुलांची वाढ खुंटते. गरोदरपणात किडनीचे आणि प्रसूतीचे डॉक्टर मिळून आकडा ठरवतात.

१९. न्यूमोनिया झाला, दवाखान्यात दाखल आहे. पथ्य चालू ठेवू?

मोठं आजारपण, ऑपरेशन, जखम असताना कमी प्रथिनांचं पथ्य थांबवतात. बरं झाल्यावर ते आपोआप पुन्हा सुरू करू नका, आधी विचारा.

२०. प्रोटीन पावडर, जडीबुटी, जीवनसत्त्वाच्या गोळ्या?

पावडर डायलिसिसवरच्या, खाणं कमी पडणाऱ्या माणसाला उपयोगी पडू शकते, पण पोटॅशियम-फॉस्फरसचे आकडे डब्यावर पाहून. जडीबुटीच्या औषधांबाबत मी ठाम नकार देते. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी घेतलेल्या वनस्पतींच्या गोळ्यांतल्या ॲरिस्टोलोकिक आम्लानं धडधाकट स्त्रियांच्या किडन्या कायमच्या गेल्या. ‘नैसर्गिक’ हा शब्द तिथेही होता. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांनी ऑक्सलेट साचतं आणि अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं, म्हणून साध्या मल्टिव्हिटॅमिनऐवजी किडनीच्या रुग्णांसाठीचंच घ्या.

२१. किडनी बदलली. आता सगळं खाता येईल?

बरंचसं. पहिल्या काही आठवड्यांत जखम भरायला आणि स्टिरॉइडमुळे होणारी झीज भरून काढायला प्रथिनं जास्त लागतात, पुढे साधारण ०.८ ते १ ग्रॅमवर येतात. कच्चं मांस, कच्ची अंडी, न तापवलेलं दूध टाळा. ग्रेपफ्रूट बंद, कारण त्यानं टॅक्रोलिमसची (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची) रक्तातली पातळी धोकादायकरीत्या वाढते.

२२. वडील ८६ वर्षांचे. डायलिसिस करायचं नाही असं त्यांनी स्वतः ठरवलंय. आता पथ्य पाळायचं का?

त्यांचा त्रास कमी करतं तेवढंच. मीठ कमी ठेवा, कारण त्यानं दम लागणं आणि सूज आवरते. पोटॅशियम फार वाढलं असेल तर त्यापुरतं जपा. प्रथिनं थोडी कमी असली की मळमळ सुसह्य होते, म्हणून मोठ्या ताटाचा आग्रह नको. पण एखाद दिवशी अंडं किंवा मासा मागितला तर द्या, रिपोर्टची भीती घालू नका. गरम अन्नाच्या वासानं मळमळ वाढते. कोमट किंवा गार, थोडं थोडं, त्यांना हवं असेल त्या वेळी द्या. तोंड कोरडं पडत असेल तर बर्फाचा एक खडा चघळायला द्या.